सगळीच मूळव्याध नसते

वस्तीत कुणाला शौचाच्या वेळी रक्त गेले की घरातल्या घरात निदान होते. मूळव्याध. मग तिखट बंद, ताक सुरू. कुणी सुरणाची भाजी सांगतो, कुणी इसबगोल. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर नाक्यावरच्या पाटीकडे पाय वळतात. 'मूळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन. खात्रीशीर इलाज.' पुष्कळ वेळा घरचे ते निदान बरोबरही असते, हे आधीच सांगून टाकतो. पाणी कमी पिणे, बैठे काम, सार्वजनिक संडासाची रांग टाळण्यासाठी दाबून धरलेली शौच (बायांचे तर विचारूच नका), यातून मूळव्याध आणि फिशर आपल्या वस्त्यांत भरपूर आहे.

पण सगळीच मूळव्याध नसते. गुदद्वारातून रक्त, पू किंवा शेंबडासारखा चिकट स्राव जाणे, शौचाला जाऊन आले तरी सारखी कळ येणे, बसताना आग होणे, त्या जागी कोंबासारखे मोड येणे, यातले काही आजार लैंगिक संबंधातून आलेले असतात. ते औषधाने बरे होतात किंवा आटोक्यात राहतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही आपली माणसे दोन-दोन वर्षे चुकीचा इलाज घेत राहतात, कारण डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही. आज आरोग्याच्या पानावर आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. काहींना वाटेल, विहारात वाचल्या जाणाऱ्या मासिकात हे कशाला? त्याचेही उत्तर पुढे देतो.

आमच्या माहितीतला एक भाऊ, रंगकाम करणारा, पस्तिशीच्या आतला. नाव, गाव, वस्ती काही सांगणार नाही. शौचाच्या वेळी रक्त आणि चिकट स्राव, कुंथून कुंथून जीव जायचा. आधी जडीबुटी झाली. मग पाटीवाल्याकडे इंजेक्शने घेतली. पैसे कमी पडले तेव्हा बायकोने बचत गटातून कर्ज काढले. दीड-पावणेदोन वर्षे गेली. शौच पेन्सिलीसारखी बारीक व्हायला लागली तेव्हा घाबरून तो मोठ्या सरकारी रुग्णालयात गेला. तिथे एका तरुण डॉक्टरबाईने त्याच्यासोबतच्या सगळ्यांना बाहेर थांबवले, दार लावून घेतले आणि सरळ विचारले, "तुमचे संबंध कुणाकुणाशी येतात? बाईशी, पुरुषाशी, दोघांशी? त्या जागेतून संबंध आलेत का?" त्याने खाली मान घालून हो म्हटले. पुढच्या काही दिवसांत तपासण्या झाल्या. सिफिलिसची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांना क्लॅमिडियाच्या एका चिवट प्रकाराचाही संशय आला, म्हणून २१ दिवसांचे औषध दिले. रक्त थांबले, स्राव थांबला. पण मधल्या काळात गुदाशय आकसून अरुंद झाला होता, तो औषधाने पूर्ववत होत नाही. बायकोला पाचवा महिना होता. तिलाही सिफिलिसचा संसर्ग निघाला. वेळेत पेनिसिलिन मिळाले म्हणून बाळ सुखरूप जन्मले.

आम्ही त्याला विचारले, "भाऊ, आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "ताई, मला कुणी विचारलंच नाही. आणि आपल्या तोंडानं कसं सांगायचं?"

तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या शरीरात एकच लांब नळी आहे. तिला आपण वेगवेगळ्या ठिकाणी घसा, अन्ननलिका, जठर, आतडे, गुदाशय म्हणतो. संबंधातून पसरणारे जंतू लघवीच्या जागेतच राहतात अशी आपली समजूत असते. जंतूंना तसे बंधन नाही. गुदमार्गाने संबंध आला तर ते थेट गुदाशयात उतरतात. तिथले अस्तर नाजूक असते, त्याला सहज बारीक चिरा जातात. मुखमैथुनातून ते घशात जातात. गुदद्वाराला तोंड लागले, किंवा तिथले हात न धुता तोंडात गेले, तर जंतू गिळले जातात आणि आतड्यात पोहोचतात. बायांच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. योनीतला दूषित स्राव मागे ओघळतो आणि गुदमार्गाने संबंध न येताही परम्याचा संसर्ग गुदाशयात जाऊ शकतो. म्हणून गुदाशयाचा संसर्ग निघाला की त्या माणसाविषयी लगेच निष्कर्ष काढू नये.

परमा, म्हणजे गोनोरिया, गुदाशयात असला तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. घशातला तर आणखी मुका. काहींना मात्र पू जातो, खाज येते, कळ येते. क्लॅमिडियाचेही तसेच. त्याचा जो चिवट प्रकार आहे, त्याने जांघेत गाठ येते, जुन्या माणसांच्या भाषेत 'बद'. तोच गुदाशयात शिरला तर रक्त, स्राव, ताप, बद्धकोष्ठता सुरू होते. उपचार झाला नाही तर भगंदर होते किंवा वाट आकसते, वर सांगितलेल्या भावासारखी. या आजाराचे चित्र आतड्याच्या दुसऱ्या जुनाट सुजेसारखे दिसते, त्यामुळे शिकलेले डॉक्टरही फसतात. २००३ साली नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांचा गट सापडला आणि मग युरोपभर डॉक्टर सावध झाले. आपल्याकडे असे रुग्ण मूळव्याधीच्या रांगेत उभे राहतात.

गरमी, म्हणजे सिफिलिस, जास्त फसवी आहे. तिची पहिली जखम बहुधा दुखत नाही. गुदद्वाराच्या आत असली तर दिसतही नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते, माणूस म्हणतो बरे झालो. जंतू रक्तात शिरलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते, तोंडात चट्टे येतात, तेही जातात. गरोदर बाईला असेल तर पोटातले बाळ दगावू शकते. इतका वाईट आजार, आणि सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. नागीण वेगळी आणि गुप्तांगावरची हर्पिस वेगळी. हर्पिसचे फोड गुदद्वाराजवळ आले तर असह्य दुखते, भीतीने माणूस शौच दाबून धरतो, कधी लघवीही अडते. त्याला फिशर समजून मलम लावत बसतात. हर्पिस शरीरातून कायमची जात नाही, पण गोळ्यांनी त्रास पुष्कळ कमी होतो.

मोडांचे सांगायचे तर मूळव्याधीचा कोंब आणि एचपीव्ही विषाणूने येणारी चामखीळ यातला फरक घरी बसून कळत नाही. फुलकोबीसारखे बारीक बारीक गुच्छ असतील तर चामखिळीचा संशय घ्यावा. भोंदू लोक त्यावर ॲसिड ओततात, धागा बांधतात. चामखीळ आणणारे एचपीव्हीचे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत, पण त्याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकारांमुळे गुदद्वाराचा कॅन्सर होतो. गुदद्वाराचे बहुतेक कॅन्सर या विषाणूशी जोडलेले आहेत. एचआयव्ही असलेल्यांना हा धोका अधिक. म्हणून जो कोणी न तपासता कापतो, जाळतो, बांधतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आता पोटाकडे येऊ. रक्त-आव पडणारे जुलाब करणारे शिगेला नावाचे जंतू, अमिबा, जिआर्डिया, हेपॅटायटिस 'ए' ही कावीळ, हे सगळे आपल्याला पाण्याचे आजार म्हणून ठाऊक आहेत. गटाराशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइन, दिवसाआड येणारा टँकर, शंभर माणसांत एक संडास. वस्तीत हे आजार पाण्यातूनच येतात आणि त्यासाठी वॉर्ड ऑफिसला जाब विचारलाच पाहिजे. परंतु हेच जंतू संबंधातूनही पसरतात. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार होतो. आता पाहा, जिथे पाणी चांगले असते तिथे जुलाबाचा रुग्ण आला की डॉक्टर दुसरे कारण शोधतो. आपल्या वस्तीचे नाव केसपेपरवर दिसले की 'घाण पाणी प्यायला असेल' म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून मोकळा होतो. आपल्या गरिबीमुळे आपली नीट चौकशीसुद्धा होत नाही. जुलाब वारंवार होत असतील, जोडीदारालाही होत असतील, तर ही बाब डॉक्टरांना सांगा. आणि जुलाब थांबल्यावरही किमान आठवडाभर संबंध टाळा, जंतू त्यानंतरही पडत असतात.

याच्या उलटही एक समज आहे. अंगावर काही उठले की 'सार्वजनिक संडासातून लागले' असे सांगितले जाते. परमा, गरमी, एचआयव्ही हे संडासाच्या भांड्यावरून लागत नाहीत. संडास घाण असेल तर जुलाब होतील, कावीळ होईल. हे खोटे कारण पुष्कळदा नवऱ्याने बायकोला सांगितलेले असते आणि बायको ते मान्य करते, कारण दुसरे कारण मान्य केले तर तिला जायला जागा नसते.

काविळीविषयी आणखी थोडे. कावीळ म्हटली की आपल्याकडे माळ घालतात, नाकात औषध टाकतात. हेपॅटायटिस 'बी' ही कावीळ रक्तातून, आईकडून बाळाला आणि लैंगिक संबंधातून पसरते, आणि डोळे पिवळे न होताही वर्षानुवर्षे यकृत पोखरते. तिच्यावर लस आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत एक डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लसीतून. घरात एकाला 'बी' निघाली तर जोडीदाराची तपासणी आणि लस लगेच हवी. मोठ्यांना तीन डोस लागतात. २०१८ सालापासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या काविळीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत फुकट आहेत. माळ घालायची तर घाला बापडे, पण रक्त तपासल्याशिवाय घरी बसू नका.

महिनाभर न थांबणारे जुलाब, वजन उतरणे, तोंडात पांढरा थर आणि गिळताना अन्ननलिकेत दुखणे, हे दिसले तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. ती फुकट होते, समुपदेशन होते, आणि पॉझिटिव्ह निघाली तर एआरटीच्या गोळ्याही फुकट मिळतात. त्या नियमित घेणारी माणसे संसार करत आहेत, नोकऱ्या करत आहेत.

एवढे सगळे असताना माणूस गप्प का बसतो? भाषेपासून सुरुवात करू. आपण या आजारांना 'गुप्तरोग' म्हणतो. रेल्वेच्या भिंतीवर हाच शब्द रंगवलेला असतो आणि त्या शब्दावरच त्या भोंदूंचा धंदा चालतो. गुप्त ठेवायचे म्हणून सरकारी दवाखान्यात जायचे नाही, गुप्त ठेवायचे म्हणून पावती मागायची नाही, फसवले तरी तक्रार करायची नाही.

दुसरे कारण आम्ही स्वतः आहोत, दवाखान्यातली माणसे. खरे सांगायचे तर हा लेख लिहिण्याचे हे एक मोठे कारण आहे. आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा रात्रपाळीला एक मुलगा दाखल झाला होता, वीस-बावीस वर्षांचा. गुदद्वाराभोवती चामखिळी, आत जखम. पडदा ओढून त्याचे ड्रेसिंग केले आणि पडद्याबाहेर येऊन आम्ही हसलो. वॉर्डबॉयला सांगितले, त्याने आणखी दोघांना सांगितले. सकाळपर्यंत वॉर्डातले नातेवाईकसुद्धा त्या खाटेकडे बोट दाखवत होते. तो मुलगा दुपारी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघून गेला. त्याची एचआयव्ही तपासणी राहिली होती, सिफिलिसचा रिपोर्ट यायचा होता. तो पुन्हा आला नाही. आम्हाला डिप्लोमाच्या तीन वर्षांत जखम कशी बांधायची ते शिकवले होते, पडद्याबाहेर येऊन गप्प कसे राहायचे ते कुणी शिकवले नव्हते, असे म्हणून आम्ही बरीच वर्षे स्वतःची समजूत काढली. पण विहारात लहानपणापासून आम्ही काय ऐकत आलो होतो, हे आम्हाला आठवायला हवे होते.

अतिसाराने आजारी असलेल्या भिक्खूची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी त्याला दोन गोष्टी विचारल्या. तुला काय होते आहे, आणि तुझी काळजी घेणारे कुणी आहे का. मग आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. पोटाच्या, शौचाच्या आजाराची, जिची सगळ्यांना किळस येते अशाच आजाराची ही गोष्ट आहे. आम्ही नर्सिंगच्या मुलींना आता हीच गोष्ट सांगतो. केसपेपरवर लिहायला लागणारी चौकशी इतकीच असते: काय होते आहे, आणि सोबत कोण आहे.

रोगाच्या निमित्ताने माणसांच्या समूहाला डाग लावण्याची खोड फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यक ग्रंथात गरमीला 'फिरंग' नाव आहे, कारण ती फिरंग्यांनी आणली. युरोपात इटलीवाले तिला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच तिला नेपल्सचा. १९७६ साली न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी समलिंगी पुरुषांमध्ये दिसणाऱ्या गुदाशयाच्या आणि आतड्याच्या निरनिराळ्या आजारांची मोट बांधली आणि त्या समूहाचेच नाव रोगाला दिले. त्यात परमा होता, अमिबा होता, मूळव्याधसुद्धा होती. एकमेकांशी संबंध नसलेले आजार एका नावाखाली आले. पुढे वैद्यकशास्त्राने ते नाव टाकून दिले, कारण त्याने निदान होत नव्हते, बदनामी होत होती. जंतू कुठे राहतो हे माणसाच्या जातीवरून, लिंगावरून किंवा आवडीवरून ठरत नाही, कोणत्या मार्गाने संपर्क आला यावरून ठरते. ज्यांच्या स्पर्शाला, सावलीला विटाळ म्हटले गेले, त्या समाजाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. तरी पडते. आपल्याच वस्तीतल्या तृतीयपंथी मुलाला घराबाहेर काढणारे घर निळ्या झेंड्याखाली असू शकते, हे आम्ही पाहिले आहे.

'विहारातल्या मासिकात हे कशाला' याचे उत्तर इथे देतो. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवत. त्यात वाचक लैंगिक विषयावरचे प्रश्न विचारत, समलिंगी संबंधांविषयीही, आणि कर्वे उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर कुणी लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते ते आपल्याला ठाऊक आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल दिला, त्यातही बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेच्या विचाराचा आधार आहे. तेव्हा या पानावर हा विषय आला तर काही बिघडत नाही.

काही उपासक आम्हाला तिसऱ्या शीलाची आठवण करून देतात. व्यभिचार टाळला तर रोगच होणार नाही, मग हा प्रचार कशाला, असा त्यांचा सवाल असतो. आम्ही शील मानतो. शील हे ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायचे असते. वर सांगितलेल्या भावाच्या बायकोने कोणते शील मोडले होते? पाचव्या महिन्यात तिच्या रक्तात गरमी निघाली तेव्हा सासरच्यांनी तिलाच चार गोष्टी सुनावल्या. आणि ज्याने चूक केली त्यालाही औषध नाकारायचे का? जोडीदाराला फसवू नये, आजार लपवून संबंध ठेवू नये, कुणावर जबरदस्ती करू नये, आमच्या मते तिसऱ्या शीलाचा आजचा अर्थ यात आहे. लग्नाच्या बायकोवर त्या जागेतून जबरदस्ती होते आणि ती रक्त पुसत मूळव्याधीची गोळी खाते, अशा बाया आमच्याकडे आल्या आहेत. त्यांच्यापुढे शीलावर प्रवचन करायला आमची जीभ वळत नाही.

मुलांचे वेगळे आहे आणि ते नीट वाचा. लहान मुलाच्या किंवा मुलीच्या गुदद्वारातून पू येणे, तिथे फोड किंवा जखम होणे, शौचाला जायला अचानक घाबरू लागणे, यात अत्याचाराचा संशय घेऊन तपासणी करावी लागते. चामखीळ असेल तर ती दुसऱ्या मार्गानेही आलेली असू शकते, बाळंतपणात आईकडून किंवा हातावरच्या चामखिळीतून, म्हणून कुणावर एकदम आरोप करू नका. पण परमा किंवा गरमी नवजात काळानंतर मुलात निघाली तर गप्प बसायचे नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे अशी माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्या मुलाचा उपचार रुग्णालयाने नाकारता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. भावकीत मिटवून टाकण्याचा हा विषय नव्हे.

जायचे कुठे? जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि पुष्कळ पालिका रुग्णालयांत या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. सापडले नाही तर त्वचारोग विभागात किंवा एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रात विचारा. १०९७ हा फुकट फोन आहे, मराठीतही बोलता येते. राष्ट्रीय कार्यक्रमात या आजारांची औषधे १ ते ७ नंबरच्या रंगीत पाकिटांत बांधून दिलेली आहेत, आणि १ नंबरचे करडे पाकीट लघवीच्या जागेतून पू जाण्यासाठी जसे आहे तसे गुदद्वारातून पू जाण्यासाठीही आहे. म्हणजे सरकारने हा आजार ओळखून ठेवला आहे, कागदावर आहे. मग ओपीडीत विचारत का नाहीत? एका खोलीत तीन डॉक्टर, प्रत्येकाच्या टेबलाभोवती दहा माणसे, अशा ठिकाणी कोण तोंड उघडेल? पडदा, दार आणि पाच मिनिटे, एवढी आमची मागणी आहे. पाकिटे संपली म्हणून बाहेरची चिठ्ठी मिळाली तर तिथेच लेखी तक्रार करा.

डॉक्टरांपुढे बोलायचे कसे, हे आम्हाला नेहमी विचारले जाते. सोपे आहे. म्हणा, "मला बाहेर सगळ्यांसमोर सांगता येणार नाही, आत घ्या." आत गेल्यावर: "मला शौचाच्या जागी त्रास आहे आणि माझा त्या जागेतून संबंध आलेला आहे." बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. डॉक्टर बोट घालून किंवा छोट्या दुर्बिणीने तपासतील, नकोसे वाटते पण मिनिटभरात होते. न तपासता मूळव्याधीचे औषध लिहिले तर तपासा असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. एचआयव्ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. हा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर रक्त जाण्याचे कारण आतड्याचा कॅन्सरही असू शकतो, त्याचीही तपासणी मागा.

औषध पूर्ण घ्यायचे, मधे सोडायचे नाही, आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून दोन गोळ्या खायच्या नाहीत. परम्याचा जंतू अशा अर्ध्या औषधांनीच निर्ढावला आहे. जोडीदाराचा उपचार त्याच वेळी झाला पाहिजे, नाहीतर आजार परत येतो. कंडोम गुदमार्गाच्या संबंधातही वापरायचा, आणि त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे नाही, रबर फाटते. हर्पिस, चामखीळ आणि गरमी कातडीला कातडी लागूनही पसरतात, म्हणून कंडोमने ती पुष्कळ कमी होतात, पूर्ण टळत नाहीत. पोटाच्या जंतूंना कंडोम पुरत नाही, साबण-पाणी लागते.

गेल्या पौर्णिमेला महिला मंडळात हे सगळे बोलून झाल्यावर एका आजीने मागून विचारले, "पण बाईनं नवऱ्याला म्हणायचं कसं, चल म्हणून?" कुणी हसले नाही. आम्ही सांगितले ते इथेही सांगतो. भांडणाच्या वेळी विषय काढू नका. 'तुम्ही कुठे गेला होता' असे विचारून सुरुवात करू नका, ते नंतर. 'डॉक्टरांनी दोघांनाही बोलावले आहे, दोघांनी औषध घेतले नाही तर माझे बरे होणार नाही' एवढेच म्हणा. मारहाणीची भीती असेल तर घरी बोलूच नका, क्लिनिकमधल्या समुपदेशकाला आधी सांगा. ती आजी दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेला घेऊन आली.

ज्यांना एकट्याने जायचा धीर होत नाही त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर आम्हाला गाठावे, कारण विचारणार नाही. भाऊ असोत, ताई असोत, कुणीही. सोमवारी सकाळी आठला निघू, केसपेपरची रांग लवकर लागते.